माता-सभेतला एकुलता एक बाप

आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांमधल्या सगळ्या माता एका रांगेत उभ्या केल्या, तरी आचलच्या बाबांइतकी चांगली माता त्यात सापडायची नाही. हे मी थट्टेने म्हणत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतकी वर्षं खडू झिजवल्यावर माणसाला थट्टेची फारशी हौस उरत नाही, आणि वडील नावाच्या जातीबद्दल बोलायचं तर मुळीच नाही. दाखला काढायला आलेल्या बापाला "मुलगा कितवीत आहे?" असं विचारून बघा. तो मुलाकडे बघतो. मुलगा "चौथीत" म्हणतो आणि मग बाप मोठ्या रुबाबात सांगतो, "चवथीत हाय मॅडम." याच गृहस्थाला पऱ्हाटीवर कोणती फवारणी कधी झाली, शेजाऱ्याच्या गाईला गोऱ्हा झाला की कालवड, दिग्रसच्या मार्केटला काल कापूस काय भावाने गेला, हे सगळं तोंडपाठ असतं. शिकलेल्यांची कथाही वेगळी नाही. माझ्या घरचे एक पालक यवतमाळला नोकरी करतात. मुलाच्या शाळेचा कुठलाही निरोप ग्रुपवर आला की न वाचता त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकतात आणि पितृकर्तव्यातून मोकळे होतात. तर ते असो.

बोरी अरबच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. शाळा सातवीपर्यंत, मी पहिली-दुसरीला शिकवते. मधल्या काळात वरून आदेश आला की, लहान वर्गातल्या मुलांच्या आयांचे गट करा. त्यांच्या मोबाइलवर दर आठवड्याला खेळ आणि गोष्टी पाठवायच्या, त्यांनी त्या घरी मुलांकडून करून घ्यायच्या, आणि महिन्यातून एकदा शाळेत माता-सभा. वडिलांचे गट का नाहीत, असं मी प्रशिक्षणात विचारलं होतं. साहेब हसून म्हणाले, "मॅडम, जे येतील त्यांचेच गट करावे लागतात ना." पहिल्याच सभेला बायका पदर सावरून सतरंजीवर टेकत होत्या, तेवढ्यात दारात चपला काढून एक उंच, वाळकुडा माणूस आत आला. लग्नाकार्याला घालायचा पांढरा टेरिकॉटचा शर्ट, केसांना चपचपीत तेल. आला तो सरळ बायकांच्या मधोमध मांडी घालून बसला. मी विचारलं, "आचलची आई नाही आली?" तर म्हणे, "थे वावरात गेली. तिले निंदन जमते, मले जमत नाही. हे जमंन असं वाटते." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तेही मनमोकळं हसले, आणि मला म्हणाले, "हं, सुरू करा मॅडम. उशीर काहून करता?"

तेव्हापासून आचलच्या बाबांची एकही सभा चुकली नाही. गावात मयत झाली तर ते आधी मयतीला जाऊन, आंघोळ करून, ओल्या डोक्याने सभेला येत. पाठवलेला खेळ त्यांनी केला नाही असं कधी झालं नाही. मात्र जसा सांगितला तसा केला असंही कधी झालं नाही. वस्तूंचं वर्गीकरण करा म्हटलं की बाकीच्या आया चमचे आणि वाट्या काढत. यांनी तूर, सोयाबीन, सरकी आणि गहू असं सगळं एका सुपात कालवलं आणि आचलपुढे ठेवलं. पोरीने ते निवडलं खरं, पण त्यात पेरणीसाठी राखून ठेवलेलं बियाणंही होतं आणि त्यावरून घरात जे झालं ते सगळ्या आळीने ऐकलं. वाचनाचा सराव घ्या म्हटल्यावर तर कहर झाला. ऐन पेरणीच्या गर्दीत कृषी केंद्राच्या काउंटरवर त्यांनी दुसरीतल्या आचलला उचलून बसवलं आणि बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचायला लावला. अक्षर-अक्षर लावत पोरगी वाचते आहे, मागे रांग रस्त्यापर्यंत गेली आहे, दुकानदार कपाळाला हात लावून बसला आहे. कोणीतरी मागून ओरडलं, "अरे उरक ना बाप्पा, पाऊस येऊन राह्यला!" आचलचे बाबा मागे न वळता म्हणाले, "पोरगी वाचून राह्यली ना. पाऊस काय तिच्या वाचण्यानं अडते?" तिने शेवटचा शब्द वाचला तेव्हाच त्यांनी तिला खाली घेतलं. बियाणं घ्यायला मात्र विसरले, आणि पुन्हा रांगेच्या शेवटाला जाऊन उभे राहिले.

संक्रांतीच्या सुमाराला शाळेत माता-मेळावा आणि हळदीकुंकू झालं. मला वाटलं, या दिवशी तरी ते घरी राहतील. ते आले, आणि वाणाच्या रांगेत आपल्या जागी उभे राहिले. बायकांनी आपसात थोडी खुसफुस केली आणि मग गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईने त्यांच्या कपाळाला हळदकुंकवाऐवजी गुलालाचा टिळा लावला, तिळगूळ दिला आणि प्लास्टिकची डबी हातावर ठेवली. संगीत खुर्चीत मात्र ते उतरले नाहीत. "कोन्या बाईले धक्का लागला तं बरं दिसत नाही," म्हणून त्यांनी ताट वाजवायचं काम पत्करलं, आणि ते इतकं रंगात येऊन वाजवलं की थांबायचं कधी हेच त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. बायका फिरून फिरून दमल्या. त्याच महिन्यात गटाची प्रमुख निवडायची होती आणि बायकांनी एकमताने त्यांचं नाव घेतलं. वरून आलेल्या छापील प्रमाणपत्रावर 'लीडर माता' असं होतं. त्याखाली मी त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी ते घेतलं. त्यांच्या घरी गणपतीच्या तसबिरीशेजारी ते अजून टांगलेलं आहे.

गावातल्या पुरुषांना हे सहन झालं नाही. आणि इथेच माझं डोकं फिरतं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असल्या पाहिजेत, असा नियम आहे. त्या कागदावर असतात. सभेला त्यांचे नवरे येतात, बायकोच्या खुर्चीत बसतात, बायकोचा चहा पितात, बायकोच्या वतीने पोषण आहारातल्या डाळीवर तासभर बोलतात आणि जाताना बायकोची सही स्वतःच करून जातात. एके वर्षी समितीत आचलच्या आईचं नाव लागलं. आचलच्या बाबांनी सभेच्या दिवशी बायकोला इस्त्रीचं लुगडं काढून दिलं, शाळेच्या फाटकापर्यंत सोडलं आणि ते परत फिरले. बाकीच्या सदस्यांच्या नवऱ्यांनी हाका मारल्या, "ओ, या ना आत!" तर म्हणाले, "मेंबर थे हाय. मी कायले येऊ? मले सयपाक कराचा हाय." आत एकच हशा. आता बघा. बायकांच्या खुर्च्या बळकावून बसलेले हे सगळे, बायकांच्या सतरंजीवर बसणाऱ्या एका माणसाला बाईलबुद्ध्या म्हणत होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी मुख्याध्यापकांकडे तोंडी तक्रार केली की, बायाबापड्यांच्या सभेत एक पुरुष येऊन बसतो, हे बरं दिसत नाही. आमचे मुख्याध्यापक सज्जन आहेत, म्हणजे घाबरट आहेत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला की आता पित्यांचीही वेगळी सभा घ्यायची, म्हणजे आचलच्या बाबांना हक्काची जागा होईल आणि कोणाला बोलायला जागा उरणार नाही. गावात दवंडीसारखा निरोप फिरला, ग्रुपवर टाकला, मुलांच्या हाती चिठ्ठ्या दिल्या. पिता-सभेच्या दिवशी आचलचे बाबा सगळ्यांच्या आधी येऊन बसले. थोड्या वेळाने फाटकातून एक एक जण यायला लागलं. सगळ्या बायका. त्याच, माता-सभेतल्या. पहिली आली ती म्हणाली, "ह्यायले काम हाय, म्हने तूच जाऊन ये." दुसरी म्हणाली, "आमचे चौकात बसले हायेत, पन म्हने मले तिथलं समजत नाही." तिसरीने कारणही सांगितलं नाही, नुसती बसली. पित्यांची सभा पुरेशा उपस्थितीत पार पडली, आणि त्यात पिता एकच होता. मला रडावं की हसावं समजेना. त्यांना मात्र काही वावगं वाटलं नाही. "बरं झालं मॅडम," ते म्हणाले, "मले वाटलं, आता नव्या लोकाईत बसा लागते का काय."

मी एकदा त्यांच्या बायकोजवळ त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. म्हटलं, गावात दहा बाप असे असते तर आम्हाला कामच उरलं नसतं. ती बाई कमी बोलते. हातातला विळा खाली ठेवून म्हणाली, "आता झाले तसे. बैल गेला न् झोपा केला." आणि मग तिने सांगितलं. आचलच्या आधी, बऱ्याच वर्षांपूर्वीचा, त्यांचा एक मुलगा आहे, सूरज. तो तालुक्याच्या हायस्कुलात बसने जायचा. तेव्हा आचलचे बाबा गावातल्या इतर बापांसारखेच होते. पोरगं सकाळी डबा घेऊन निघते, संध्याकाळी येते, म्हणजे शाळेत जाते, झालं. नववीत त्याने शाळेत जाणं सोडलं. डबा घेऊन निघायचा, दिवसभर बसस्टँडवर बसायचा, डबा खायचा आणि परत यायचा. असे महिने गेले. आठवडी बाजारात एका चहावाल्याने सहज विचारलं, "तुमचा पोरगा दिवसभर स्टँडवर काय करते हो?" तेव्हा यांना कळलं. यांनी तिथून उठून स्टँड गाठलं आणि पोराला लोकांसमोर बदड बदड बदडलं. सूरज त्यानंतर शाळेत गेला नाही आणि पुढच्याच वर्षी एका ठेकेदाराबरोबर पुण्याला निघून गेला. आता तिकडे कंपनीत आहे. आईशी फोनवर बोलतो. बापाशी बोलत नाही.

म्हणजे हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला तेव्हा कळलं. पुढे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, लपवाछपवी काही नाही. "मॅडम, मले एकच पाह्यजे. थोरल्यानं एकडाव येऊन हे पाहावं. आचलची शाळा, आपली सभा. मंग थो बोलंन माह्याशी." हे ते अगदी खात्रीने म्हणाले. आपण बदललो हे मुलाने पाहिलं की मागचं सगळं फिटतं, असं बापांना फार वाटतं. पोरांना तसं वाटत नाही. हे मला ठाऊक होतं, पण ते त्यांना सांगण्याचा धीर झाला नाही.

झालं असं की, केंद्रप्रमुख साहेबांनी शाळा-भेटीत आचलला वाचताना ऐकलं, तिच्या वडिलांची हकीकत ऐकली आणि सव्वीस जानेवारीला त्यांचा आदर्श पालक म्हणून सत्कार करायचं ठरलं. ज्यांनी तक्रार केली होती तेच आता शालीच्या रंगाची चर्चा करायला पुढे. आईने काय सांगितलं, कसं पटवलं, देव जाणे, पण सूरज दोन दिवसांच्या सुट्टीवर आला. झेंडावंदन झालं, मुलांची भाषणं झाली. सूरज मागे फाटकाजवळ हात बांधून उभा होता. बापासारखाच उंच, वाळकुडा. मी पालकांचा परिचय करून दिला, टाळ्या झाल्या, आणि आचलच्या बाबांना एकदम काय सुचलं कोण जाणे. शाल घेऊन पुढे झालेल्या मुख्याध्यापकांना थांबवून ते म्हणाले, "सर, माह्या पोराच्या हातानं घाला. थो आलेला हाय." सगळ्या माना मागे वळल्या.

सूरज आला. शांतपणे चालत आला, मुख्याध्यापकांच्या हातातून शाल घेतली आणि बापासमोर उभा राहिला. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. तो म्हणाला, "घालतो. पन आधी मले सांगा, नववीत मी कोन्या तुकडीत होतो?" आचलच्या बाबांनी शर्टाची कॉलर सरळ केली. "वर्गशिक्षक कोन होते?" सूरजने पुढे विचारलं, "शाळेत काहून नाही जात होतो मी, हे तरी माईत हाय?" आचलच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फळ्यापुढे उभं केलेलं, उत्तर न येणारं पोरगं जसं मागच्या बाकाकडे बघतं, तसं पाहिलं. मग ते म्हणाले, "नाही माईत, बापू." सूरजने शालीची घडी नीट केली, ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि तो फाटकातून बाहेर पडला. त्याच दिवशी दुपारच्या बसने तो गेला. लोकांना वाटलं, पोरगं लाजलं. नंतर सगळ्यांना चिवडा आणि बुंदी वाटण्यात आली. आदर्श पालकांनी आपल्या हाताने वाटली.

दुसरा कोणी असता तर सभेला यायचा बंद झाला असता. हे एक दिवस पांढरा शर्ट घालून तालुक्याच्या त्या हायस्कुलात गेले. तिथे काय झालं ते त्यांनीच माता-सभेच्या आधी, व्हरांड्यात बसून मला सांगितलं. ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं, "काय पाहिजे? टी.सी.?" हे म्हणाले, "नाही. पालक-भेटीले आलो." "पोरगा कोणत्या वर्गात?" "नववीत होता. आता पुण्याले असते." क्लार्कने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि स्टाफरूमकडे बोट दाखवलं. तिथे जाड भिंगाचा चष्मा लावलेले एक जुने सर भेटले. यांनी सूरजचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "हो हो, आठवतो ना. हुशार होता." आम्ही शिक्षक लोक ज्या मुलाचा चेहराही आठवत नाही त्याच्याबद्दल हेच बोलतो. पण आचलच्या बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघून मी मान डोलावली.

आमच्या गावात मोबाइलला नीट बोलण्याइतकी रेंज मिळते ती शाळेच्या व्हरांड्यातच. त्यांनी तिथूनच सूरजला फोन लावला. फोन कानाला लावायची त्यांना सवय नाही, तळहातावर धरून स्पीकरवर बोलतात. मी उठायला लागले, तर हाताने बसा म्हणाले. तिकडून यंत्रांचा आवाज येत होता. "सूरज, मी बोलून राह्यलो. ठेवू नको. मी तुह्या शाळेत गेलतो. तुहे सर भेटले, चष्म्याचे. म्हने पोरगा हुशार होता." मग सूरज म्हणाला, "ते ब तुकडीले होते. मी अ मंधी होतो."

मला वाटलं, संपलं. एवढ्या वर्षांनी बाप मुलाच्या शाळेत गेला, तोही चुकीच्या वर्गात. पण आचलचे बाबा शरमले नाहीत. त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला आणि साधं विचारलं, "मंग अ मंधी कोन होते, बापू? अन् तू काहून जात नोयता?"

यंत्रांचा आवाज चालू होता. त्या आवाजातच सूरज म्हणाला, "इंग्रजीचे सर होते. मले वाचता येत नोयतं. रोज उभं करत. मारत नोयते. हासत होते. सारा वर्ग हासे." आणि मग, "सुपरवायझर आला, ठेवतो," म्हणून फोन बंद झाला.

आचलचे बाबा हातातल्या फोनकडे बघत बसले. फाटकातून बायका यायला लागल्या होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या, कोणीतरी हाक मारली, "या ना आत, जागा धरली तुमची!" त्यांनी ती ऐकली नाही. मला म्हणाले, "हासत होते म्हने मॅडम. एवढंच होतं. अन् म्या त्याले स्टँडावर, लोकाईसमोर..." पायरीचा आधार घेत ते उठले, चपला घातल्या आणि सभेला न थांबता घराकडे चालू लागले. त्यांना परत बोलवावं असं माझ्या मनात आलं, पण तोवर ते फाटकाबाहेर पडले होते. आत सगळ्या माता वाट बघत होत्या. मी जाऊन सभा सुरू केली, पुढच्या महिन्याचे खेळ समजावून सांगितले, पण त्या दिवशी माझं कशातच मन लागलं नाही.